लोहपंख, चुंबकासुर आणि माझी नाडी

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकंच वाकून, उरलेला मनातल्या मनात पूर्ण केला आहे).

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. तू कशी आहेस? डाव्या गुडघ्याला ते तेल लावतेस ना, की बाटली अजून कपाटात पाहुण्यासारखी अवघडून बसली आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून समोरच्या इमारतीत कोण कुठली भाजी निवडतंय तेसुद्धा तुला स्पष्ट दिसतं, असं धाकट्या काकांकडून कळलं. ऐकून आनंद झाला. समोरच्यांना झाला नसावा. मागच्या वेळी तू लिहिलं होतंस की माझी पत्रं वीजबिलासारखी असतात, वेळेवर येतात पण वाचावं असं त्यात काही नसतं. हे मला लागलं आहे. म्हणून आज सविस्तर लिहितो. पाणी पिऊन, पाय वर घेऊन बस.

तर बातमी अशी की तुझा भाचा एका सिनेमाच्या संगीताचा परीक्षक झाला. हसू नकोस. इतकी वर्षं मी शनिवारच्या पुरवणीत मैफलींची परीक्षणं लिहितो, चपलांच्या जाहिरातीच्या बरोबर वर. ती मी वाचतो, मुद्रितं तपासणारे वाचतात, आणि ज्यांच्यावर लिहिलं आहे ते वाचतात (तेही रागावण्यापुरतं). या पलीकडे माझी कीर्ती कुठे पोचेल असं मला वाटलं नव्हतं. पण माझा मेहुणा तुला आठवत असेल, जो आमच्या खुर्चीचा पाय दुरुस्त करायला आला आणि टेबल मोडून गेला. तो हल्ली एका फिल्म स्टुडिओच्या कारखान्यात काम करतो आणि तिथे एका सुपरहिरोचे पंख तयार करतो. सुपरहिरोचं नाव लोहपंख. पंख अर्थातच थर्माकोलचे आहेत, वर रुपेरी रंग. तर जेवणाच्या सुट्टीत सिनेमाचे निर्माते तिथे आले आणि म्हणाले की पार्श्वसंगीत तयार होतंय, पण ते चांगलं आहे की वाईट हे सांगणारा कुणी तटस्थ माणूस मिळत नाही. मेहुण्याने पंखाला रंग देता देता सांगितलं, "आमचे भावजी आहेत ना. ते दुसरं काहीच करत नाहीत, नुसतं ऐकतात." मला वाटतं माझ्याबद्दल इतक्या कमी शब्दांत इतकं खरं कुणी बोललेलं नाही.

हे निर्माते मूळचे पाण्याच्या पंपांचे कारखानदार. सगळे त्यांना पंपवाले म्हणतात आणि तेही फोनवर स्वतःला तेच म्हणवतात. मला फोन आला तेव्हा मला वाटलं, आमच्या सोसायटीची टाकी भरत नाही त्या तक्रारीवर कारवाई झाली. मी दहा मिनिटं त्यांना दुसऱ्या मजल्यावर पाणी कसं चढत नाही ते समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, दोन सूचना केल्या (त्या केल्यापासून पाणी चढतं), आणि मग म्हणाले, "आता संगीताचं बोलू."

मी हो म्हणून बसलो आणि मग लक्षात आलं की मी आयुष्यात एकही सुपरहिरो पाहिलेला नाही. माझी शिकवणी लेकीने घेतली. सलग दोन सुट्ट्या तिने मला सोफ्यावर बसवून सिनेमे दाखवले. पहिल्या सिनेमात पहिला स्फोट झाला तेव्हा मी झोपलो आणि शेवटचा स्फोट झाला तेव्हा उठलो, तरी काही चुकल्यासारखं वाटलं नाही. या मंडळींविषयी मला जे समजलं ते असं : हे कधी जिन्याने येत नाहीत, उतरताना एका गुडघ्यावर उतरतात (आत्या, तू करून बघू नकोस), आणि यांनी वाचवलेल्या शहरात नंतर झाडलोट कोण करतं हे कुणी विचारत नाही. आमची ही वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन मधूनच जात होती. तिने दोनच प्रश्न विचारले. पहिला, एवढं उडता येतं तर हा माणूस दर वेळी खिडकी फोडूनच का येतो? दुसरा आमच्याच सिनेमाबद्दल होता. मी तिला गोष्ट सांगितली की लोहपंखाचा शत्रू चुंबकासुर आहे, त्याच्याकडे प्रचंड चुंबक आहे आणि तो लोहपंखाचे पंख ओढून घेतो. ती म्हणाली, "मग पितळेचे करायचे." आत्या, पुढे स्टुडिओत मी हा प्रश्न विचारला. सगळे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा मी चटकन विषय बदलला (हे घरी सांगितलेलं नाही).

पहिल्या ऐकण्याला मी लेकीला सोबत नेलं (तज्ज्ञ म्हणून, त्यांना सांगितलं सहायक म्हणून). खोली अशी की पायाखालचा गालिचा घोट्यापर्यंत येतो आणि सोफ्यावर बसलं की गुडघे कानाला लागतात. भिंतभर पडदा. तिथे तीन माणसं होती. एक पंपवाले. दुसरे दिग्दर्शक, ज्यांच्या तोंडी सदैव एकच शब्द : अजून. अजून मोठं, अजून जोरात, अजून ट्रम्पेट. त्यांना मी मनातल्या मनात अजूनराव म्हणू लागलो आणि एकदा चुकून मोठ्याने म्हणालो, पण त्यांना ते आडनावच वाटलं असावं. तिसऱ्या संगीतकार बाई. बाई कसल्या, आमच्या लेकीपेक्षा थोडी मोठी मुलगी, अंगाने काडी, अंबाड्यात खोचलेल्या चार पेन्सिली. आजवर तिने टूथपेस्टच्या जाहिरातींना संगीत दिलं होतं. हा पहिलाच सिनेमा, आणि त्यासाठी तिने पूर्ण वाद्यवृंद मागितला होता : व्हायोलिनवाले, चेलोवाले, शिंगं, कर्णे, नगारे, मोठी वऱ्हाडाएवढी मंडळी. पंपवाल्यांचं म्हणणं सरळ होतं. संगीत पास झालं तर हे सगळे वादक येऊन वाजवणार. नापास झालं तर कॉम्प्युटरमध्ये तयार मिळतं ते लावायचं आणि बाईंना नमस्कार करायचा. आणि पास-नापास ठरवणार कोण, तर ज्याच्या परीक्षणाखाली चपलांची जाहिरात असते तो मी.

त्यात पंपवाल्यांचा नुसत्या मतावर विश्वास नव्हता. "आमच्या धंद्यात दाब मोजायचं गेज लावल्याशिवाय पंप बाहेर जात नाही," ते म्हणाले आणि त्यांच्या माणसाने माझ्या दंडाला एक पट्टा बांधला. त्याची वायर एका यंत्रात गेली होती आणि यंत्राच्या काचेवर एक हिरवी रेघ नाचत होती. ती रेघ म्हणजे माझी नाडी. संगीताने अंगावर काटा आला की रेघ वर, कंटाळा आला की खाली. म्हणजे मी तोंडाने काय बोलतो याला महत्त्व नाही, माझी नाडी परीक्षण लिहिणार. (ही कल्पना आमच्या संपादकांना कळवू नकोस.)

दिवे मालवले आणि बाईंनी कॉम्प्युटरवर तयार केलेला कच्चा नमुना सुरू झाला. आत्या, खरं सांगतो, पहिल्या तुकड्यालाच मी सरळ झालो, म्हणजे त्या सोफ्यात जितकं होता येतं तितका. लोहपंखाची धून म्हणजे फक्त चार सूर, एकावर एक चढणारे, कुणी घाईत दोन दोन पायऱ्या टाकत गच्चीवर जावं तसे. तीन सूर पायऱ्या चढतात आणि चौथा सूर दार ढकलून एकदम उघड्यावर येतो. तिथे व्हायोलिनं अशी काही सुटतात की आपणही कठड्यावरून झेप घ्यावी. माझी रेघ वर गेली. पुलावरच्या मारामारीला तीच धून पुन्हा येते, तिथे मात्र कर्णे जरा जास्तच कर्णे झाले आहेत, आणि मी तसं सांगितलंही. चुंबकासुराच्या प्रवेशाला बाईंनी सगळ्यात खालच्या आवाजाची वाद्यं घेतली आहेत. ती चोरपावलांनी येतात, मध्येच थांबतात, जणू कपाटामागे लपली, आणि पुन्हा येतात. इतकं लबाड आणि इतकं गोड की खलनायकाला जिंकवावंसं वाटतं. ही धून लेक घरी दात घासताना गुणगुणली, मी जिन्यात गुणगुणलो, आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर आमची ही त्याच ठेक्यावर गवार मोडत होती. माझ्या नाडीने मात्र त्या दिवशीचा उच्चांक चुंबकासुराला दिला नाही. उच्चांक गाठला तो चहाचा ट्रे आला तेव्हा. रेघ काचेच्या बाहेर जाते की काय असं झालं. पंपवाल्यांनी गंभीरपणे विचारलं, "इथे कुठलं वाद्य होतं?" अजूनराव म्हणाले, "बिस्किटं."

सिनेमाच्या मध्यावर चुंबकासुर लोहपंखाचे पंख उपटून घेतो. तिथे तीच धून येते, पण तीनच सूर. चौथा येतच नाही. माणूस पायऱ्या चढतो आणि दार बंद. मग लोहपंख पायी पायी घरी येतो. गच्चीवर त्याची आई दोरीवरचे कपडे काढत असते. ती त्याला काही विचारत नाही. चादरीचं एक टोक त्याच्या हातात देते आणि दोघं मिळून घडी घालतात. संवाद नाही. तिथे बाईंनी सगळा वाद्यवृंद गप्प केला आहे. एक क्लॅरिनेट, आणि खाली व्हायोलिनं, कुणी शेजारच्या खोलीत झोपलं आहे अशा बेताने. आत्या, ते ऐकताना मी कुठे बसलोय हे विसरलो. डोळे पुसायला रुमाल काढावा हेही सुचलं नाही. संपलं तेव्हा यंत्र टूंटूं वाजत होतं आणि पंपवाल्यांचा माणूस माझ्या दंडाशी खटपट करत होता, कारण रेघ इतकी सपाट झाली होती की त्याला वाटलं पट्टा सुटला.

"बघा," पंपवाले म्हणाले, "इथे माणूस झोपला."

"अजून हवं इथे," अजूनराव म्हणाले. "नगारे टाका. पंख गेलेत त्याचे!"

बाईंनी अंबाड्यातली एक पेन्सिल काढली, पुन्हा खोचली, आणि हळूच म्हणाल्या, "चादरीची घडी घालताना नगारे कोण वाजवतं?"

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. पंपवाल्यांनी विचारलं, तुमचं मत काय? आणि आत्या, तुझा भाचा, जो एका चुकलेल्या तानेवर पाऊण स्तंभ लिहितो, तो म्हणाला, "दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे." हे वाक्य मी परीक्षणांत नेहमी वापरतो, आणि वापरताना नेहमीच बरं वाटतं. या वेळी वाटलं नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लेक लिफ्टमध्ये माझ्याशी बोलली नाही, बसमध्ये बोलली नाही, आणि घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय ऐकू आलं ते सांगायला बोलावलं होतं ना? की दुसऱ्यांना काय ऐकू आलं ते?" मी म्हटलं, कामात थोडं सांभाळून घ्यावं लागतं. ती म्हणाली, "लोहपंख असं म्हणत नाही." (पोरीला एवढे सिनेमे दाखवू नयेत हे मी आधीपासून म्हणतो.)

पंपवाल्यांनी तोडगा काढला. वाद्यवृंद एका दिवसासाठी बोलवायचा, चादरीचा तुकडा दोन्ही तऱ्हांनी वाजवायचा, नगाऱ्यांसकट आणि नगाऱ्यांशिवाय, आणि माझी नाडी तिथल्या तिथे निकाल देईल. जो निकाल लागेल त्यावर साऱ्या संगीताचं नशीब.

त्या दिवशी लेकीला घेऊन स्टुडिओत पोचलो तर काचेपलीकडच्या खोलीत, जिथे मी बसायचं होतं, पंपवाल्यांचा सगळा गोतावळा येऊन बसलेला. वहिनी (म्हणजे त्यांच्या पत्नी), दोन मेव्हण्या, त्यांच्या मैत्रिणी, कुणाचे तरी व्याही. खुर्ची शिल्लक नाही. मग माझी रवानगी थेट वाद्यवृंदात झाली. तीन ट्रॉम्बोनच्या मागे आणि नगाऱ्यांच्या शेजारी एक स्टूल टाकलं, पट्ट्याची वायर पसरत पसरत दाराखालून आत नेली, आणि मी बसलो. नगारेवाले गृहस्थ प्रेमळ होते. त्यांनी मला एक पेपरमिंट दिली आणि सांगितलं, "मी मान डोलावली की तोंड उघडं ठेवा, कानाला दडे बसत नाहीत." मला वाटलं थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. संगीतकार बाई स्वतःच समोरच्या चौथऱ्यावर चढल्या, एवढ्या काडीच्या बाईने हात वर केले, आणि लोहपंखाची धून सुरू झाली. आत्या, मी आजवर संगीत समोरून ऐकत आलो. आतून कधी ऐकलं नव्हतं. समोरून ऐकताना आपण खिडकीतून वरात बघतो. आत बसलं की आपणच वरातीत. ट्रॉम्बोनवाल्यांचे खांदे एकदम वर गेले, माझं स्टूल थरथरायला लागलं, माझ्या पायाजवळची पाण्याची बाटली नाचत नाचत चेलोवाल्या बाईंकडे निघाली. तीन सूर माझ्या पायांतून वर आले आणि चौथ्या सुराला नगारेवाल्यांनी मान डोलावली. मी तोंड उघडलं, पेपरमिंट उडाली आणि पुढच्या ट्रॉम्बोनवाल्याच्या कॉलरमध्ये गेली. तो बिचारा शेवटपर्यंत एक सूर न चुकवता वाजवत राहिला, नुसता मान वाकडी करून. मी उभा राहिलो होतो हे मला नंतर कळलं. दोन्ही हात वर करून उभा राहिलो होतो हे लेकीने सांगितलं. बाईंनी वाजवणं थांबवलं आणि त्या सबंध दिवसात पहिल्यांदा हसल्या. "सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही उडालात तरी चालेल, पण बसून उडा." सगळे वादक हसले. मी इतका खूश होतो की मला लाजही वाटली नाही.

मग चादर. आधी नगाऱ्यांसकट. पडद्यावर माय-लेक चादरीची टोकं हातात धरून एकमेकांकडे येतात, आणि इकडे धडाम, धडाम, धडाम. असं वाटलं की ते घडी घालत नसून चादरीला फासावर देतायत. व्हायोलिनवाल्या मुलींचे खांदे हसून हलायला लागले. काचेमागे वहिनी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. माझ्या नाडीची रेघ मात्र टणाटण उड्या मारत होती. नगाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाची नाडी दुसरं काय करणार? मग नगाऱ्यांशिवाय. क्लॅरिनेटवाल्या काकांनी ओठ पुसले, डोळे मिटले आणि वाजवलं. नगारेवाल्यांनी हात मांडीवर ठेवले. कुणाच्या खुर्चीचा आवाजसुद्धा आला नाही. आणि या वेळी मला पहिल्या वेळी न कळलेली गोष्ट कळली. तो हरवलेला चौथा सूर इथे येतो. चादरीची दोन टोकं जुळतात ना, बरोबर तिथे. कर्ण्यांवर नाही, दार ढकलून नाही. क्लॅरिनेटवर, हलकेच, आईने हातात दिल्यासारखा.

मी पट्ट्यासकट काचेच्या खोलीत येऊन दाराशी एका खोक्यावर टेकलो, तर पंपवाले रेघेचा कागद धरून उभे. "नगाऱ्यांसकट इथे," त्यांनी वर बोट दाखवलं. "नगाऱ्यांशिवाय इथे." खाली दाखवलं. "सपाट. निकाल स्पष्ट आहे." अजूनरावांनी टाळी वाजवली. बाई दारात येऊन उभ्या होत्या, अंबाडा सुटलेला, पेन्सिली मुठीत. आणि आत्या, मी ताडकन उभा राहिलो. मी म्हटलं, "साहेब, हा पट्टा तुम्ही बांधा."

ते म्हणाले, मी कशाला? मी म्हटलं, "माझी नाडी चहाला सगळ्यात जास्त उडते, हे तुम्ही पाहिलंय. तिच्यावर एवढ्या माणसांचं काम अवलंबून ठेवू नका. मला ऐकू आलं ते सांगतो. पंख गेले तेव्हा त्याचा चौथा सूर गेला. तो चादरीची टोकं जुळतात तिथे परत येतो. नगारे ठोकलेत तर तो ऐकू येणार नाही, आणि तो ऐकू आला नाही तर पुढे हा माणूस पुन्हा उडतो कशाच्या जोरावर, हे कुणालाच कळणार नाही. हे या सिनेमातलं सगळ्यात चांगलं संगीत आहे. मी परवा हे बोललो नाही. आज बोलतो."

मग वहिनीच म्हणाल्या, "बांधा हो, एवढं काय." पंपवाल्यांनी बाही वर केली.

तुकडा पुन्हा लावला. हिरवी रेघ जरा वर गेली, खाली आली आणि सपाट झाली. संपलं. आम्ही वाट बघतोय. पंपवाले पडद्याकडे बघतायत. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा लावलं, पुन्हा सपाट. त्यांच्या हातातला चहा तसाच. "पुन्हा." तिसऱ्या वेळी संपल्यावर त्यांनी स्वतःच पट्टा सोडला आणि यंत्राकडे बघत म्हणाले, "पंप बिघडला की गेजचा काटा थरथरतो. नीट चालला की काटा एका जागी उभा राहतो. तो उभा काटा बघण्यासाठी मी उभं आयुष्य कारखान्यात घालवलं, आणि इथे त्याला झोप म्हणत होतो." मग पट्टा गुंडाळत, कुणाकडेच न बघता, "आमची आई कपडे काढताना चिमटे तोंडात धरायची. तसंच बोलायची आमच्याशी. एक शब्द कळायचा नाही." वहिनींनी हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आणि पुढच्याच क्षणी ते अजूनरावांवर गरजले, "या आईच्या तोंडात चिमटे का नाहीत?"

अजूनरावांनी सांगून पाहिलं की दृश्य चित्रित होऊन गेलंय, नटीबाई घरी गेल्यात, दोरी सोडलीय. उपयोग झाला नाही. चिमट्यांसकट दृश्य पुन्हा चित्रित होणार आहे. संगीत मात्र पास झालं, सगळंच्या सगळं, वादकांसकट. बाईंनी धावत जाऊन आत सांगितलं तेव्हा व्हायोलिनवाल्यांनी हातातल्या गजांनी समोरची स्टँडं बडवली (त्यांच्यात टाळ्या अशाच वाजवतात), नगारेवाल्यांनी एवढा वेळ दाबून ठेवलेले हात मोकळे केले, आणि त्या गडबडीत अजूनरावच सगळ्यांत जोरात ओरडत होते, "अजून! अजून!" त्यांच्या तोंडून हा शब्द मला पहिल्यांदाच आवडला. माझ्या कॉलरवाल्या ट्रॉम्बोनवाल्याने मला पेपरमिंट परत केली. मी ती घेतली. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

घरी येताना लेक बसमध्ये माझ्या शेजारी बसली आणि पूर्ण वेळ बोलत होती. आमच्या हिला सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "पण पितळेचं विचारलंत का?"

असो. बराच लांबलो. तब्येतीला जप, औषधं वेळेवर घे, समोरच्यांना त्यांची भाजी सुखाने निवडू दे. धाकट्या काकांना नमस्कार सांग. इकडची काळजी नको.

तुझा आज्ञाधारक (आठवड्यातले बरेच दिवस),
भाचा

ता. क. : एक छोटंसं काम होतं, लिहायचं राहून गेलं. आई चिमटे तोंडात धरते म्हटल्यावर ती नुसती गप्प कशी राहील, असं संगीतकार बाईंना वाटलं. ती काहीतरी गुणगुणत असणार. म्हणून क्लॅरिनेटच्या आधी त्यांना थोडंसं गुणगुणणं हवं आहे, गाणं नव्हे, कपडे काढता काढता येतं तसं, तोंडात चिमटे असताना येतं तसं. त्यांनी चांगल्या चांगल्या गायिका बोलावल्या. त्या चिमटे धरूनही सुरात येतात. बाई रडकुंडीला आल्या आहेत. तेव्हा मी म्हटलं की आमची एक आत्या आहे, तिचं गुणगुणणं निघतं एका गाण्याच्या घरून आणि पोचतं तिसऱ्याच्याच घरी, वाटेत कुठे वळलं ते तिलाही कळत नाही. आत्या, हे मी कौतुकाने म्हटलं. बाईंनी माझे दोन्ही हात धरले.

ता. क. दुसरा : बुधवारी सकाळी गाडी येईल. तुला विचारूनच ठरवणार होतो, पण त्यांना घाई होती, म्हणून तुझा होकार मी कळवून टाकला. चिमटे आणू नकोस. तिथे लाकडी आहेत, धुतलेले.

ता. क. तिसरा (हे अक्षर बाबांचं नाही हे तू ओळखलं असशीलच) : आत्याआजी, पत्र टाकायला मी निघाले होते म्हणून पाकीट बंद करण्याआधी वाचलं. दोन गोष्टी सांगते. बाबा ताडकन उभे राहिले हे खरं, पण वायर पायात अडकली म्हणून. उभे राहिल्यावर सगळे बघायला लागले, तेव्हा काहीतरी बोलणं भागच होतं. पुढे जे बोलले ते मात्र शब्दन् शब्द तसंच बोलले, आणि मला इतका अभिमान वाटला की मी त्यांना वायरीचं सांगितलंच नाही. दुसरी गोष्ट त्यांनी लिहिलेली नाही. गाडी ठरवण्याआधी त्यांनी स्वतः तोंडात चिमटे धरून सगळ्या वाद्यवृंदासमोर तुझं गुणगुणणं करून दाखवलं. मग मी केलं. मग पंपवाल्या वहिनींनी केलं, मग नगारेवाल्यांनी. प्रत्येकाचं कुठे ना कुठे बरोबर येत होतं. तुझ्यासारखं चुकणं कुणालाच जमलं नाही. तेव्हा ये.